कॅलिफोर्निया : रूफिंग कॉन्ट्रॅक्टरचा वर्कर्स कॉम्प विमा ऑनलाइन कसा तपासायचा?

मृण्मयी_फ्रीमाँट

फ्रीमाँटच्या घराचं छप्पर काढून नवं घालायचंय आणि मागच्या अंगणातलं पस्तीसेक फुटांचं झाड पाडायचंय. कोटेशनं आली आहेत. भाव बाजूला ठेवू, अडलंय ते कामगारांच्या विम्यावर, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणाऱ्या वर्कर्स कॉम्पवर.

रूफर क्रमांक एक : सीएसएलबीच्या साइटवर लायसन्स चालू, विमा कंपनी, पॉलिसी नंबर, तारखा सगळं दिसतं. पण डब्ल्यूसीआयआरबीच्या कव्हरेज लूकअपवर त्याच्या ट्रकवरचं नाव टाकलं तर 'काही सापडलं नाही'.

रूफर क्रमांक दोन : म्हणतो, साइट कशाला बघता, सर्टिफिकेट पाठवतो. लगेच पीडीएफ आली.

झाडवाला : लायसन्स आहे, पण वर्कर्स कॉम्पच्या रकान्यात 'सूट' लिहिलंय.

यातलं काय धरायचं, काय सोडायचं? आणि कुणी वरून पडलं तर ते माझ्यावर येतं का?

विमापेटी

मृण्मयीताई, दोन्ही साइट वेगवेगळं काम करतात, म्हणून उत्तरं वेगळी येताहेत.

सीएसएलबी म्हणजे लायसन्स देणारं मंडळ. 'चेक अ लायसन्स'मध्ये नाव टाकू नका, लायसन्स नंबर टाका. एकाच नावाचे दहा रूफर निघतात. पान उघडलं की आधी लायसन्सचं स्टेटस, मग वर्गीकरण (रूफिंगला सी-३९), मग बाँड (हमीची रक्कम) आणि सगळ्यांत खाली वर्कर्स कॉम्पेन्सेशन. तिथे कंपनी, पॉलिसी नंबर, सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख असते. त्याखालीच विम्याच्या इतिहासाची लिंक असते. ती बहुतेक लोक उघडत नाहीत, पण खरी गंमत तिथेच आहे. दर सहा-आठ महिन्यांनी कंपनी बदललेली, मध्येमध्ये खंड पडलेला दिसला तर समजा की हप्ते थकतात आणि पॉलिसी रद्द होते.

डब्ल्यूसीआयआरबी ही राज्यातल्या विमा कंपन्यांकडून पॉलिसींची माहिती गोळा करणारी रेटिंग संस्था. तिचं लूकअप एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : या नावाच्या मालकाकडे अमुक तारखेला पॉलिसी होती का, आणि कोणत्या कंपनीची? त्यामुळे तारीख नीट घालायची. आजची तारीख घालून आलेलं उत्तर पुढच्या महिन्यातल्या कामाला उपयोगी नाही.

ट्रकवरचं नाव घातलंत म्हणून सापडलं नाही, असा माझा अंदाज. ट्रकवर धंद्याचं टोपणनाव असतं, म्हणजे डीबीए. पॉलिसी निघते ती कायदेशीर नावावर : एखादी इन्कॉर्पोरेटेड कंपनी, एलएलसी, नाहीतर मालकाचं स्वतःचं नाव. सीएसएलबीच्या पानावर वरती जे नाव आहे ते जसंच्या तसं घाला. तरी नाही आलं तर 'इन्क', स्वल्पविराम, 'अँड'चं चिन्ह सगळं काढून पहिला ठळक शब्द तेवढा ठेवा आणि शहरावरून ओळखा.

नाव बरोबर असूनही रिकामं येण्याची आणखी कारणं आहेत. पॉलिसी अगदी नवी असेल तर कंपनीकडून नोंद पोचायला वेळ लागतो. कामगार एखाद्या पीईओकडून, म्हणजे पगारपत्रक सांभाळणाऱ्या कंपनीकडून घेतले असतील तर पॉलिसी तिच्या नावावर असू शकते. आणि मालक स्वतःच विमेदार असेल, म्हणजे सेल्फ-इन्शुअर्ड, तर तो या लूकअपमध्ये येतच नाही. त्यांची यादी डीआयआरच्या, म्हणजे राज्याच्या कामगार खात्याच्या ऑफिस ऑफ सेल्फ-इन्शुरन्स प्लॅन्सकडे ऑनलाइन मिळते. पण तिथे मोठमोठ्या कंपन्या, महापालिका आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट असतात. तुमचा रूफर तिथे असण्याची शक्यता शून्याच्या आसपास.

थोडक्यात, 'सापडलं नाही' याचा अर्थ 'विमा नाही' असा लगेच लावू नका. आणि 'सापडलं' म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता फोन आलाय.

कौलारू

झाडवाल्याबद्दल मी सांगतो.

'सूट' याचा अर्थ सरकारने तपासून सूट दिली असा नाही. लायसन्सधारकाने 'माझ्याकडे एकही कामगार नाही' असं स्वतः लिहून दिलंय, एवढंच. आता विचार करा. पस्तीस फुटी झाड एकटा माणूस पाडतो का? एक वर हार्नेसवर, एक खाली दोर धरून, एक फांद्या चिपरमध्ये सारणारा. तीन माणसं आली की सूट कागदावरच राहते.

शिवाय काही वर्गांना ही सूट घेताच येत नाही, कामगार असोत वा नसोत. रूफिंगला (सी-३९) हे आधीपासूनच होतं. १ जानेवारी २०२३ पासून काँक्रीट (सी-८), हीटिंग-एसी (सी-२०), अ‍ॅस्बेस्टॉस (सी-२२) आणि झाडकाम (तेव्हाचा डी-४९) हेही त्यात आले. झाडकामाचा डी-४९ पुढे २०२४ पासून सी-४९ झाला. बाकीच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांना विमा घ्यायला आधी २०२६ ची मुदत होती, ती पुढे ढकलून १ जानेवारी २०२८ केली आहे.

म्हणून त्याच्या पानावर वर्गीकरण कोणतं आहे ते बघा. सी-४९ असेल तर तिथे 'सूट' दिसायला नको. दिसत असेल तर सरळ मंडळाला फोन करा. बागकामाचा सी-२७ असेल तर सूट असू शकते. पण मग दोन गोष्टी विचारा : हे लायसन्स नुसतं झाड पाडायच्या कामाला चालतं का, आणि झाडावर कोण चढणार? 'माझी पोरं' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

जाता जाता : माळ्याने नेहमीच्या कामात पंधरा फुटांच्या आतल्या झाडांची किरकोळ छाटणी केली तर तेवढ्याला लायसन्स लागत नाही. कुंपणालगतच्या झुडपांपासून पाम वृक्षापर्यंत सगळं त्याच सवलतीत बसवणारे भेटतात. तुमचं झाड बसत नाही.

विमापेटी

आलो. आता पीडीएफकडे.

ती बहुधा अकॉर्ड २५ असेल, दायित्व विम्याचं एका पानाचं ठरावीक सर्टिफिकेट. तिच्या माथ्यावरच छापलेलं असतं की हा कागद केवळ माहितीसाठी आहे आणि धारकाला यातून कुठलाही हक्क मिळत नाही. म्हणजे ती पॉलिसी नव्हे. पीडीएफमधली तारीख बदलणं किती सोपं आहे हे सांगायला नको.

कॉन्ट्रॅक्टरकडून आलेली प्रत बाजूला ठेवा. पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात 'प्रोड्यूसर' म्हणून एजन्सीचं नाव असतं. त्या एजन्सीचा नंबर कागदावरून घेऊ नका, इंटरनेटवर स्वतंत्र शोधा, आणि त्यांना तुमच्या नावाचं सर्टिफिकेट थेट तुमच्या ईमेलवर पाठवायला सांगा. 'सर्टिफिकेट होल्डर'च्या चौकटीत तुमचं नाव आणि घराचा पत्ता हवा. याला साधारणपणे पैसे पडत नाहीत आणि एजन्सीला ते रोजचंच काम आहे. कॉन्ट्रॅक्टर याला आढेवेढे घेत असेल तर तेच उत्तर समजा.

आल्यावर खालच्या भागातली वर्कर्स कॉम्पची ओळ वाचा. वरची जनरल लायबिलिटीची ओळ वेगळी. लोक तिथे दहा लाखांचा आकडा बघून खूश होतात, पण ती कॉन्ट्रॅक्टरच्या स्वतःच्या कामगाराच्या इजेला लागू नसते. वर्कर्स कॉम्पच्या ओळीत 'पर स्टॅट्यूट'ला खूण हवी, म्हणजे भरपाई कायद्याने ठरेल तितकी. तिथेच एक छोटा रकाना असतो : मालक, भागीदार, अधिकारी वगळलेत का? तिथे 'वाय' (होय) असेल आणि मालक स्वतः छपरावर चढणार असेल, तर त्याला या पॉलिसीचं संरक्षण नाही.

आता 'सापडलं' तरी का थांबायचं ते. आमच्या धंद्यात घोस्ट पॉलिसी म्हणतात तो प्रकार : मालक वगळलेला, कामगार शून्य दाखवलेले, किमान हप्ता भरून घेतलेली पॉलिसी. लायसन्स चालू ठेवायला आणि सर्टिफिकेट दाखवायला तेवढी पुरते. लूकअपमध्ये ती अगदी शहाण्यासारखी दिसते, कारण पगारपत्रकाचा आकडा आणि हप्ता तिथे नसतात. अशा पॉलिसीतही कामगार जखमी झाला तर विमा कंपनीला साधारणपणे भरपाई द्यावी लागते, आणि ऑडिटमध्ये ती मालकाकडून हप्ता वसूल करते. पण दावा वादात अडकतो, महिने जातात. शिवाय २००७ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने असा निकाल दिलाय की पगार कमी दाखवून विमा घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आपोआप निलंबित धरलं जातं आणि ग्राहकाकडे पैसे मागायचा त्याचा हक्कही जातो.

घोस्ट पॉलिसी ओळखायची कशी? साइटवरून नाहीच. कॉन्ट्रॅक्टरला साधा प्रश्न टाका : छपरावर किती जण येणार, आणि ते तुझ्या पगारावर आहेत की सबकॉन्ट्रॅक्टरच्या? सबच्या असतील तर सबचा लायसन्स नंबर घ्या आणि हेच सगळं त्याच्यासाठी पुन्हा करा.

कायद्याचं_बोला

'माझ्यावर येतं का' याचं उत्तर राहिलं.

चालू लायसन्स आणि चालू विमा असेल तर जखमी कामगाराचा दावा त्याच्या मालकाच्या विम्यावर जातो. घोटाळा होतो तो लायसन्स नसताना. लेबर कोड २७५०.५ नुसार, लायसन्स लागणारं काम बिनलायसन्सवाल्याने केलं तर तो स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर धरला जात नाही. मग तो आणि त्याची माणसं कुणाची? ज्याने कामाला लावलं त्याची. घरमालक एकदम मालक होतो. आणि वर्कर्स कॉम्प विमा संपला की कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्सही निलंबित होतं, त्यामुळे काल लायसन्सवाला असलेला माणूस आज बिनलायसन्सचा असू शकतो.

इथे एक चाळणी आहे. घरगुती कामाच्या बाबतीत, दुखापतीच्या आधीच्या ९० दिवसांत तुमच्याकडे ५२ तासांपेक्षा कमी काम केलं असेल किंवा १०० डॉलरपेक्षा कमी मिळवले असतील, तर तो कामगार वर्कर्स कॉम्पसाठी तुमचा कर्मचारी धरला जात नाही. तीन दिवसांच्या रूफिंगमध्ये ५२ तास भरत नाहीत, म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात. तो घाईचा. वर्कर्स कॉम्प लागू नाही म्हटलं की निष्काळजीपणाचा साधा दिवाणी दावा मोकळा होतो, आणि तिथे रकमेला कायद्याचं कोष्टक नसतं.

२००३ मध्ये झाड छाटताना पडलेल्या कामगाराचं प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. घरच्या झाडाच्या छाटणीला कॅल-ओशाचे, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचे राज्याचे नियम लागू नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. घरमालकांसाठी ही बाजूची गोष्ट, पण वकील हमखास काढतात म्हणून माहीत असू द्या.

तुमच्या घराच्या विम्यात घरगुती कामगारांसाठी वर्कर्स कॉम्पचा भाग कॅलिफोर्नियात कायद्यानेच असतो. पॉलिसीच्या मागच्या पानांत त्याचं पुरवणीपत्र सापडेल. तो मोलकरीण, माळी अशांसाठी उपयोगी. छप्पर बदलायच्या कामाचा भार त्याच्यावर टाकायचा विचार करू नका.

करारही वाचा. घरदुरुस्तीच्या करारात वर्कर्स कॉम्पबद्दलचं निवेदन असायलाच हवं. आणि आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली कमी असेल तेवढीच मागता येते. त्याहून जास्त मागणारा विम्याच्या बाबतीतही साधारण तसाच निघतो.

रात्रपाळी_ओकलंड

या कॉन्ट्रॅक्टरकडे आधी किती जण जखमी झाले, ते ऑनलाइन कळतं का? विमा असण्यापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

कायद्याचं_बोला

मालकानुसार दाव्यांची यादी लोकांना खुली नाही. दाव्यांतली व्यक्ती ओळखू येईल अशी माहिती लेबर कोड १३८.७ ने बंद ठेवली आहे. विमा आहे की नाही हे खुलं आणि कोण कशाने जखमी झालं हे बंद, अशी ही विभागणी आहे. मला ती योग्य वाटते.

ईएएमएस नावाची न्यायालयीन प्रकरणांची सार्वजनिक शोध-साइट आहे खरी. पण तिथे शोधणाऱ्याने स्वतःची ओळख आणि कारण द्यावं लागतं, आणि शोध प्रकरण क्रमांकावरून किंवा जखमी माणसाच्या नावावरून चालतो. नोकरीवर ठेवायच्या आधी माणसाला चाळायला ती वापरायची नाही, हे तिथेच स्पष्ट लिहिलंय.

तुम्हाला हवं ते फेडरल ओशाच्या (कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या) साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये थोडंफार मिळेल. कंपनीचं नाव, राज्य, वर्षांची मर्यादा घाला. कॅल-ओशाच्या तपासण्याही त्यात येतात. तपासणीच्या क्रमांकावर टिचकी मारली की कोणत्या नियमाचा भंग, गंभीर की साधा, सुरुवातीचा दंड किती आणि तडजोडीनंतर किती उरला, हे दिसतं. रूफरच्या बाबतीत पडण्यापासूनच्या संरक्षणाचे भंग शोधा. मात्र तपासणी झालीच नसेल तर पान कोरं येईल. कोरं पान हे सुरक्षिततेचं प्रशस्तिपत्रक नव्हे.

हडसनकाठी

इतर राज्यांतल्या मंडळींनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नका.

न्यूयॉर्कमध्ये वर्कर्स कॉम्पेन्सेशन बोर्डाच्या साइटवर मालकाचं कव्हरेज शोधता येतं, पण परमिटसाठी अकॉर्ड सर्टिफिकेट चालत नाही. ठरलेले फॉर्मच लागतात : खाजगी विमा कंपनीचं सी-१०५.२, राज्याच्या फंडाचं यू-२६.३, आणि कामगार नसल्याचं सीई-२००. स्वतः राहत असलेल्या एक ते चार कुटुंबांच्या घराच्या मालकासाठी बीपी-१. बिल्डिंग खात्याच्या खिडकीवर चुकीचा फॉर्म घेऊन गेलात की रांग पुन्हा.

न्यूजर्सीत लूकअप राज्याच्या रेटिंग ब्युरोकडे आहे. फ्लोरिडात कव्हरेजबरोबर सूट घेतलेल्या अधिकाऱ्यांची नावंही शोधता येतात. बांधकामात एका कंपनीत जास्तीत जास्त तिघांना सूट, प्रत्येकाची किमान १० टक्के मालकी हवी, आणि सूट दोन वर्षांनी संपते. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग, नॉर्थ डकोटा इथे खाजगी विमा कंपनीच नाही, राज्याचाच फंड. वॉशिंग्टनच्या एल अँड आयची (राज्याच्या कामगार खात्याची) 'व्हेरिफाय' साइट त्यामुळे भलतीच चांगली : नोंदणी, बाँड आणि हप्ता थकलाय का, हे एकाच पानावर.

टेक्सासमध्ये मात्र खाजगी मालकाला हा विमा सक्तीचा नाही. तिथे 'सापडलं नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'विमा नाही' असाच असतो.

सदाशिवपेठी_दप्तर

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना रंगकामाच्या वेळी हेच हवं असतं, म्हणून विषयांतर करून लिहितो. गाडीचा नंबर टाकला की तिचा विमा दिसतो, तसं कामगार भरपाईच्या पॉलिसीचं सार्वजनिक लूकअप भारतात नाही. पॉलिसीची पूर्ण प्रत मागायची (पहिलं पान नव्हे), आणि ती काढणाऱ्या शाखेला पॉलिसी नंबर देऊन ईमेलवर खात्री करून घ्यायची. प्रतीत तीन गोष्टी बघा : कामाचं ठिकाण, कामगारांची संख्या आणि त्यांचा धरलेला पगार. पाच जण दाखवून झुल्यावर पंधरा चढवतात, तिथे गाडी अडते. वैद्यकीय खर्चाचं वाढीव कलम घेतलंय का, हेही विचारा.

रकमेचा अंदाज : १९२३ च्या कायद्याच्या सूत्राने मृत्यूला मासिक पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पगार १५,००० (२०२० पासूनची कमाल), वय ३०, गुणांक २०७.९८, म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सोसायटी 'मुख्य मालक' ठरते का यावर वकील वाद घालतील, कारण जुन्या कलमात काम मालकाच्या धंद्यासाठी असावं अशी अट होती. वाद जिंकण्यापेक्षा पॉलिसीची प्रत मिळवणं स्वस्त.

ऑनलाइन खुलं काय असेल तर ईपीएफओचा 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'. लॉगिन लागत नाही. ठेकेदाराच्या नावाने महिनावार भरणा आणि किती कामगारांचा, ते दिसतं. चाळीस माणसं आहेत म्हणणाऱ्याचा भरणा सहा जणांचा निघतो.

मृण्मयी_फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. कायदेशीर नाव घातल्यावर रूफर क्रमांक एक लूकअपमध्ये सापडला. पण पॉलिसी संपते २० तारखेला आणि काम सुरू होणार १७ ला. नूतनीकरण होणारच आहे म्हणतो. झाडवाला सी-२७ निघाला, 'माझी पोरं चढतात' म्हणाला. त्याला नाही सांगितलं.

विमापेटी

'होणारच आहे' यावर छप्पर उघडू नका. उघडलेल्या छपरावर काम थांबवणं तुम्हालाच परवडत नाही, आणि हे त्यालाही माहीत असतं.

त्याच्या एजन्सीकडून नूतनीकरणाचं सर्टिफिकेट मागवा. नवीन पॉलिसी नंबर आणि २० पासूनची सुरुवात त्यावर हवी. 'टीबीडी' (नंबर अजून ठरायचाय) किंवा 'बाइंडर' (तात्पुरता विमा) लिहिलेलं असेल तर विमा कंपनीचं नाव विचारून तिथे खात्री करा. ते १७ च्या आत मिळालं नाही तर काम सरळ २१ नंतर ठेवा. मिळालं तर १७ ला सकाळी ट्रक येण्याआधी सीएसएलबीचं पान पुन्हा उघडून तारखेसकट प्रिंट काढा. हप्ता थकल्यावर विमा कंपनी दहा दिवसांच्या नोटिशीने पॉलिसी रद्द करू शकते, त्यामुळे करार करतानाचं प्रिंट तोवर शिळं झालेलं असतं. नवी पॉलिसी सीएसएलबीवर दिसायला काही दिवस लागतील. २० नंतरच्या दिवसांसाठी एजन्सीचा ईमेल हाच तुमचा कागद, तो जपून ठेवा.